काळोख उघडणारी बकुळा

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, फर्निचरवाल्यांच्या गल्लीत, एका अरुंद जिन्याच्या टोकाला फोटो छापायची लॅब आहे. तिथल्या आतल्या खोलीत बकुळा बसते. पन्नाशी ओलांडलेली बाई, बदलापुरातल्या हेंद्रेपाड्याची, लग्नाच्या वर्षापासून या धंद्यात. तिच्या खोलीच्या भिंती राखाडी आहेत आणि खिडकीला जाड काळा पडदा आहे, कारण भिंतीचा रंग डोळ्यात शिरला की स्क्रीनवरचा रंग खोटा दिसतो. नव्या माणसाला त्या खोलीत गुदमरल्यासारखं होतं. बकुळाला तिथेच बरं वाटतं. अंधाराची भीती म्हणून तिला कधी ठाऊक नव्हती. ती पहिल्यांदा कशी वाटली, त्याची ही गोष्ट.

ती सून म्हणून हेंद्रेपाड्यात आली तेव्हा सासरची भातखाचरं विकून झाली होती. नवरा चंदर अंबरनाथला कंपनीत पाळीवर जायचा. दिवसभर घरात बसून करायचं काय, म्हणून ती कॅम्प चारमधल्या मुकेशशेठच्या स्टुडिओत ओले फोटो दोरीवर वाळत घालायला लागली. मुकेशशेठ सिंधी, बोलायला तिखट, पण हातातली विद्या लपवून ठेवणारा माणूस नव्हता. लाल दिव्याच्या खोलीत त्यानेच तिला एन्लार्जरखाली, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राखाली, हात कसा धरायचा ते शिकवलं. निगेटिव्हमधून उजेड कागदावर पडतो, आणि जितका जास्त पडेल तितका कागद काळा होत जातो. म्हणून चेहरा काळवंडतोय असं वाटलं की मध्येच तळहाताची सावली धरायची. सावलीत राहिलेला चेहरा कागदावर उजळून येतो. "छाया दे उसको, छाया दे," असं शेठ मागून म्हणत राहायचा. बकुळाचा हात हलका होता. थोड्याच दिवसांत शेठने एन्लार्जर तिच्या हवाली केला आणि स्वतः बाहेर गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसायला लागला.

तिच्याकडे सगळ्यात जास्त काम यायचं ते गेलेल्या माणसांचं. कॅम्पात कुणी वारलं की घरच्यांच्या लक्षात यायचं, की धड एक फोटो नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे. मागच्या रांगेत, अर्धं कुणाच्या खांद्याआड गेलेलं माणूस बोटाने दाखवायचे आणि म्हणायचे, याचा मोठा करून द्या, हार घालायचा आहे. बकुळा ते माणूस गर्दीतून अलगद बाहेर काढायची. झाकलेला कान, खांदा पेन्सिलीने भरायची, डोळ्यांखालचं काळं हलकं करायची. कॅम्प चारमधल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर तिच्या हातची माणसं आहेत. चंदर हृदयविकाराने गेला तेव्हा त्याचाही फोटो तिनेच केला. आधी काम पुरं केलं आणि मग रडली, असं तिची लेक प्राची अजून सांगते. थोडक्यात काय, मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याशी डोळे भिडवून बसणं हे तिचं रोजचं काम होतं. त्यात भिण्यासारखं तिला काही वाटायचं नाही.

मुकेशशेठ गेला, मुलगा हरेश गादीवर आला. डार्करूम मोडून तिथे कॉम्प्युटर बसले. हरेशला वाटलं होतं, आता दीदी घरी बसेल. पण बकुळाने माऊस हातात धरला आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्या ध्यानात आलं की काम तेच आहे, फक्त हात ओले होत नाहीत.

आता तिच्याकडे येतात ते बहुतेक घरांचे, हॉटेलांचे, बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो. अशा फोटोंची एक अडचण असते. माणूस खोलीत उभा राहून खिडकीकडे पाहतो तेव्हा त्याचा डोळा आपोआप सावरतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. खोली धरली तर खिडकी पांढरीफट्ट होते आणि खिडकी धरली तर खोली काळीठिक्कर. म्हणून फोटोग्राफर कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवतात आणि एकाच जागेचे चार-पाच फोटो काढतात, अगदी अंधाऱ्यापासून अगदी उजळापर्यंत. बकुळा ते एकावर एक चढवून त्यांची एक फाइल करते. तिला एचडीआर म्हणतात. त्या फाइलीत इतका उजेड आणि इतका काळोख भरलेला असतो की तो साध्या स्क्रीनवर पूर्ण दिसत नाही आणि कागदावर तर मुळीच उतरत नाही. कागदाचा पांढरा म्हणजे नुसता कोरा कागद, काळा म्हणजे नुसती शाई, आणि जे काही आहे ते त्या दोहोंच्या मध्ये दाबून बसवायचं. कुणाला उजेडात आणायचं, कुणाला काळ्यात सोडून द्यायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते बकुळा ठरवायची.

या कामात घोस्ट असाही एक शब्द आहे. फोटो काढता काढता झाडाचं पान हललं, पंखा फिरला, कुणी मधून चालत गेलं, तर फोटो एकत्र केल्यावर ती गोष्ट अर्धीमुर्धी, आरपार दिसते. तिला घोस्ट म्हणायचं. ते पुसायला एक बटण असतं. ते दाबलं की जे हललं ते निघून जातं.

एकदा दिवाळीनंतर विक्रांतने काम आणून दिलं. विक्रांत अंबरनाथचा, घरांचे फोटो काढण्यात वाकबगार. बारवी धरणाच्या रस्त्याला, आतल्या बाजूला एक फार्महाउस विकायला निघालं होतं. मालक मुंबई सोडून कधीचे परदेशी गेलेले. घर कितीतरी वर्षं बंद, पण स्लॅबचं, मजबूत. दलालाला मोबाइलवर दाखवायला फोटो हवे होते आणि ऑफिसात लावायला मोठे प्रिंटही.

हॉल, स्वयंपाकघर, पडवी सरळ झाली. मग मागची कोठीची खोली आली. खोली बुटकी, एकच लहान खिडकी, खिडकीबाहेर कापणी झालेलं खाचर दुपारच्या उन्हात तळपत होतं. बकुळाने फोटो चढवले, खिडकीचा उजेड खाली आणला, आणि खोलीतला काळोख हळूहळू वर उचलला. आधी भिंत आली, मग रिकामी पोती आली, एक मोडकी खुर्ची आली. शेवटी डावीकडचा कोपरा उघडला, तर तिथे एक म्हातारी बसलेली होती.

भिंतीला पाठ टेकून, पाय समोर पसरून बसली होती. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. गाल आत गेलेले. नजर थेट कॅमेऱ्यात.

बकुळाला त्यात वावगं काही वाटलं नाही. राखणीची बाई असेल, विक्रांतने हौसेने बसवली असेल. सवयीने तिने घोस्ट पुसायचं बटण दाबलं. बाई तशीच राहिली, म्हणजे सगळे फोटो होईपर्यंत ती जराही हलली नव्हती. बकुळाला कौतुकच वाटलं. तिने विक्रांतला फोन लावला आणि म्हणाली, म्हातारीला छान बसवलंस, पण गिऱ्हाइकाला ती फोटोत चालणार आहे का, तेवढं विचारून घे.

विक्रांतने विचारलं, कुठली म्हातारी?

तासाभरात तो लॅबमध्ये आला. स्क्रीनसमोर वाकून त्याने तो कोपरा पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. घराला कुलूप होतं, त्यानेच उघडलं होतं, सोबत कुणी नव्हतं. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने मेमरी कार्डावरचा पुढचा फोटो दाखवला. तीच खोली, उलट बाजूने घेतलेली.

"हा मी त्या कोपऱ्यातून काढलाय, बकुळाताई," तो म्हणाला. "तिपाई तिथंच लावली होती. भिंतीला टेकून मी उभा होतो."

बकुळाने एकेक फोटो सुटा उघडून पाहिला. अंधाऱ्या फोटोंत कोपरा निव्वळ काळा होता. सगळ्यात उजळ फोटोत मात्र, ज्यात खिडकी जळून पांढरी झाली होती, कोपऱ्यात ती बाई होती. डाग म्हणावा, भिंतीवरची ओल म्हणावी, तर ओलीला बोटं नसतात.

हरेशने येऊन पाहिलं. तो भाविक माणूस, त्याने आधी हात जोडले आणि मग धंद्याचं बोलला. "दीदी, ह्याला काळ्यात बसवून टाका. कागज पे नहीं दिखना चाहिए."

ते तर सोपं होतं. बकुळाने काळोखाची कड जराशी खाली ओढली आणि कोपरा मिटला. प्रिंट निघाला. देखणा प्रिंट, खिडकीतलं पिवळं खाचर, खोलीत मऊ उजेड, कोपऱ्यात छान दाट काळं. दलाल खूश झाला. पण प्रिंट वाळत असताना बकुळा त्याच्यापाशी उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण हिला पुसलेलं नाही. शाईखाली झाकली आहे. अशी कितीजणं आपण आजवर झाकली असतील, ज्यांचा कोपरा उघडून बघायची वेळच आली नाही?

मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. म्हातारीचा चेहरा वेगळा काढला, मोठा केला, डोळ्यांखालचं काळं हलकं केलं आणि साध्या कागदावर छापून पिशवीत ठेवला.

फार्महाउसची किल्ली जवळच्या पाड्यावर ठेवायची असायची. विक्रांत ती परत द्यायला निघाला तेव्हा बकुळाही त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली. उन्हं चांगली वर आलेली, रस्त्याच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. पाड्यावर जनी नावाची एक म्हातारी अंगणात नाचणी वाळवत होती, किल्ली तिच्याचकडे असायची. बकुळाने काही न सांगता फोटो तिच्यासमोर धरला आणि विचारलं, मावशी, हिला ओळखता का?

जनीने डोळे बारीक केले. ओळख पटेना. इकडची नाय, म्हणाली. मग तिचं बोट हनुवटीवरच्या ठिपक्यांवर गेलं आणि तिथेच थांबलं. ती उठली, फोटो हातातच ठेवून दोन घरं ओलांडून गेली आणि तिशी उलटलेल्या एका बाईला घेऊन आली. ती सोनी. तिने ओले हात लुगड्याला पुसले, फोटो घेतला.

"आय," एवढंच ती म्हणाली.

पुढचं जनीने सांगितलं. ही मोतीबाई, सोनीची आई. फार्महाउसची झाडलोट, राखण तीच करायची. सोनी लहान होती तेव्हा, भरपावसात, त्या कोठीच्या खोलीत पोती हलवताना तिला पान लागलं, म्हणजे साप चावला. पाण्याने रस्ता तुटलेला, दवाखान्यापर्यंत पोचवता आलं नाही. तिथेच भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या गेली. जनीने स्वतःच्या हाताने तिला आंघोळ घातली होती. तिच्या आयुष्यात तिचा कुणी फोटो काढला नव्हता, एकही नाही.

बकुळाला वाटलं, आता ही पोरगी फोटो छातीशी धरेल, रडेल. लोक तेच करतात. पण सोनी फोटोकडे बघतच राहिली आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

"पर आयचे केस तर काळे व्हते," ती म्हणाली. "माझ्या आत्ताच्या वयाची व्हती ती."

जनी फोटोवर पुन्हा वाकली. ज्या बाईला जनीने न्हाऊ घातलं होतं ती भर जवानीतली होती, आणि फोटोतली बाई आज मोतीबाई असती तर जितकी म्हातारी असती तितकी म्हातारी होती. इतके पावसाळे तिच्या तोंडावरून गेलेले स्पष्ट दिसत होते. सुरकुत्या, ओघळलेली कानाची पाळी, आत ओढलेले ओठ. असं म्हातारपण पेन्सिलीने काढता येत नाही, हे बकुळाइतकं कुणाला ठाऊक असणार?

सोनीने मान वर केली. तिचा आवाज अगदी साधा होता, चुलीवर काय ठेवू असं विचारावं तसा.

"मंग इतकी वर्सं ती खाते काय?"

विक्रांत अंगणाबाहेर जाऊन मोटरसायकलपाशी उभा राहिला. बकुळा मात्र सोनीबरोबर फार्महाउसवर गेली. सोनीनेच कुलूप काढलं. बाहेरच्या लखलखीत उन्हातून आत शिरल्यावर दोघींना काही दिसेना. डार्करूममध्ये शिरल्यावर थांबायची तशी बकुळा दाराशी थांबली, डोळ्यांना वेळ दिला. भिंत आली, पोती आली, मोडकी खुर्ची आली. डावा कोपरा रिकामा होता. धुळीवर तिपाईच्या पायांचे ठसे होते, बाकी काही नाही. त्या दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या, खिडकीबद्दल, पोत्यांबद्दल काहीबाही बोलल्या. बाहेर पडताना बकुळाच्या लक्षात आलं की खोली इतकी लहान असून आपण दोघीही कोपऱ्यापासून लांबच फिरलो. कुणी पाय पसरून बसलेलं असताना ओलांडू नये म्हणून वळसा घालतात, तशा.

दुसऱ्या दिवसापासून सोनी त्या खोलीत ताट ठेवायला लागली. भात, वालाचं बिरडं, कधी सुकट. संध्याकाळी ते ताट तसंच असायचं. मुंग्यासुद्धा लागलेल्या नसायच्या, असं ती बकुळाला फोनवर म्हणाली. पुढे घर कल्याणच्या एका जोडप्याने घेतलं. त्यांनी सोनीलाच झाडलोटीला ठेवलं आणि कोठीच्या खोलीकडे ते कधी फिरकले नाहीत, त्यामुळे ताट चालूच राहिलं.

बकुळाचं काम पूर्वीसारखंच चाललं होतं. पण एका रविवारी तिने विक्रांतचा कॅमेरा मागून घरी आणला. हेंद्रेपाड्याच्या घरात आतल्या खोलीत चंदरची खाट अजून होती. तो गेल्यापासून तिच्यावर गाद्यांची चवड रचलेली. भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून तिने तिपाई लावली आणि त्या खाटेचे फोटो काढले, अंधाऱ्यापासून उजळापर्यंत. प्राचीने विचारलं, आई, हे काय? नवीन कॅमेरा शिकतेय, असं बकुळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने ते एकत्र केले आणि काळोख जितका वर येईल तितका आणला. खाट दिसली. चवडीखालची पट्टी दिसली, भिंतीवरचा डोक्याच्या तेलाचा डाग दिसला, कोपऱ्यातलं कोळिष्टक दिसलं. माणूस नव्हतं. तिने आणखी ओढलं, नुसते रंगीत ठिपके नाचायला लागेपर्यंत. नव्हतंच. आधी तिला सुटल्यासारखं झालं. मग दुपारी तिने डबा उघडला आणि तसाच बंद करून ठेवला. सुटका झाली म्हणून बरं वाटलं होतं त्याचा राग येत होता, की चंदर थांबला नाही याचा, ते तिला नीट सांगता येत नाही.

वर्ष सरलं. पुन्हा खाचरं पिवळी पडली तेव्हा सोनी लॅबचा जिना चढून आली. पहिल्यांदाच कॅम्प चारमध्ये आलेली, गल्लीतल्या गर्दीने भांबावलेली. पदरात तांदूळ बांधून आणले होते नवे. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ताई, आयचा एकदा अजून फोटो काढ. कशी आहे ते बघायचंय.

विक्रांतने साफ नकार दिला. कॅमेरा घ्या, पण मला तिथे नेऊ नका, म्हणाला. मग बकुळा एकटीच गेली. आता तिला तिपाई लावता येत होती. सोनी तिच्या बाजूला, जरा मागे उभी राहिली. खोली झाडून स्वच्छ केलेली, ताट दाराजवळ मांडलेलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. बकुळाने फोटो काढले, दोघी मिळून लॅबमध्ये आल्या, आणि सोनीला तिने स्क्रीनसमोर शेजारच्या खुर्चीत बसवलं.

खिडकीचा उजेड खाली आला. खोली उघडायला लागली. बकुळाची नजर डाव्या कोपऱ्यावर होती, आणि तो रिकामा निघाला. तिच्या तोंडून निःश्वास सुटला, तेवढ्यात सोनीने स्क्रीनच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथला काळोख बकुळाने अजून उचलला नव्हता. तो तिने उचलला.

मोतीबाई ताटापाशी बसली होती. भिंत सोडून, खोली ओलांडून, दारापर्यंत आली होती. कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर. गाल भरले होते. अंगावर मांस चढलं होतं, दंडाची कातडी ताठ झाली होती. आणि या खेपेला ती कॅमेऱ्यात बघत नव्हती. तिची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, जरा वर, मागे लागलेली होती. तिथे त्या वेळी सोनी उभी होती.

"अंगानं भरली गं," सोनी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता.

बकुळाने माऊस सोडून दिला. इतकी वर्षं तिने मेलेल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून काम केलं होतं, पण ते डोळे जिथे होते तिथेच असायचे. कागदावरचं माणूस कधी जागेवरून उठत नाही. हे उठलं होतं. तिला घराकडचं दार आठवलं, खाट आठवली, आणि पाठीमागे राखाडी भिंत आहे, तिथे कुणी नाही, हे ठाऊक असूनही तिने खुर्ची फिरवून पाहिलं. काळा पडदा बाजूला सारून खिडकी उघडली. हरेश बाहेरून ओरडला की पडदा का काढला, रंग बिघडतील. तिने पडदा तसाच उघडा ठेवला.

सोनीला प्रिंट हवा होता. बकुळाने छापून दिला. देता देता ती म्हणाली, "सोने, ताट आता बंद कर. बाई दारापर्यंत आलीय."

सोनीला ते उलटंच कळलं. किंवा तिला जे कळलं तेच खरं असेल. "व्हय," ती म्हणाली. "दार उघडाया पायजे आता. घरी नेते तिला." प्रिंट पदराखाली घेऊन ती जिना उतरली. बकुळा खिडकीतून बघत राहिली. फर्निचरच्या टेम्पोंमधून, हातगाड्यांमधून सोनी वाट काढत गेली, दिसेनाशी झाली.

त्यानंतर बकुळा तिकडे गेली नाही. काम मात्र सोडलं नाही. दुसरं तिला येत नाही आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही. फक्त आता ती पडदा अर्धा उघडा ठेवते आणि गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय कोपरे उघडत नाही. काळं असेल तर काळं राहू दे, म्हणते. हरेश कुरकुरतो की दीदीचे फोटो हल्ली जुन्या पद्धतीचे दिसतात.

यंदा उन्हाळ्यात फार्महाउसच्या नव्या मालकांनी पुन्हा फोटो काढून घेतले. घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं होतं. विक्रांत कुरकुरत गेला, सगळ्या खोल्यांचे फोटो घेऊन आला, कोठीच्या खोलीचेही. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून तो खाली चहा प्यायला निघून गेला. बकुळाने ती फाइल दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी, गल्लीत गजबज सुरू झाल्यावर, उघडली. डावा कोपरा, उजवा कोपरा, दाराजवळची जमीन, खुर्चीखालची सावली, सगळं वर आणून पाहिलं. खोली रिकामी होती. मोकळी, कोरडी, झाडलेली खोली.

तिला हायसं वाटलं. सोनीला सांगावं म्हणून तिने लगेच फोन लावला. सोनी आता पाड्यावर स्वतःच्या घरी एकटीच असते. नवरा सखा वीटभट्टीवर गेला की पावसाळ्यालाच परततो. फोन उचलला गेला. बकुळा उत्साहाने सांगायला लागली की खोलीचे फोटो आलेत, सगळं उघडून पाहिलं, तुझी आई तिथे नाही, सुटली बघ ती. पलीकडून सोनी हूं हूं करत होती. बकुळाला ऐकू येईना. ती म्हणाली, अगं मोठ्याने बोल, तोंड बांधल्यासारखी काय बोलतेस?

"मोठ्यानं नको, ताई," सोनी कुजबुजली. "आय निजलीय. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

खाली कुणीतरी लाकडाला रंधा मारत होतं. बकुळाने खुर्ची खिडकीजवळ ओढली.

"जेवली का?" तिने विचारलं. आणि ते विचारताना आपणही आवाज उतरवला आहे, हे तिच्या लक्षात आलं.